पूर्वेचा पास

"दाबके, तुम्ही पूर्वेचे की पश्चिमेचे?" चहाचा कप माझ्या हातात देता देता कर्णिकांनी विचारलं.

मी म्हणालो, "लहानपणी दादर पश्चिमेचा. लग्नानंतर ठाणे पूर्वेचा. हल्ली कुठलाच नाही."

दिवाणखान्यात आठ-दहा माणसं होती. कुणी हसलं नाही. कर्णिकांच्या पत्नी, वृंदावहिनी, पोह्यांच्या बश्या घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. माझी बायको नलू माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी पाहुणा म्हणून येऊन यजमानांच्या देव्हाऱ्यावर टोपी काढून ठेवली असावी.

"मी पासचं विचारतोय," कर्णिक शांतपणे म्हणाले.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. कोलोरॅडोतल्या त्या गावाचं नाव मी सांगत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून तिथेच आहेत आणि त्यांची तब्येत चांगली आहे. आम्हाला तिथे येऊन तेव्हा सात महिने झाले होते. त्याआधी बावीस वर्षं आम्ही न्यू जर्सीत काढली. मग कंपनीनं तिथलं ऑफिस बंद केलं आणि आमच्यापैकी काहींना डोंगरातल्या या गावी पाठवलं. काहींना म्हणजे ज्यांच्यासाठी कुणीतरी शब्द टाकला त्यांना. माझ्यासाठी तो घारपुरेंनी टाकला. घारपुरे या गावी आधीपासून होते, वरच्या हुद्द्यावर होते, आणि न्यू जर्सीच्या मंडळात त्यांनी माझी प्रहसनं पाहिलेली होती. नोकरी टिकण्यासाठी मराठी विनोदाचा उपयोग झालेला मी एकटाच इंजिनिअर असेन.

गावाच्या दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण तासावर स्कीइंगचा एकेक डोंगर होता. दोन डोंगर, दोन कंपन्या. एकाचा पास दुसऱ्यावर चालायचा नाही. हिवाळाभराचा हा पास ऑक्टोबरच्या पंधरा तारखेच्या आत घ्यावा लागे, म्हणजे बर्फ पडणार की नाही हे कुणालाच माहीत नसतं तेव्हा. डोंगरांना चांगली इंग्रजी नावं होती, पण आपली माणसं त्यांना पूर्व आणि पश्चिम म्हणत. गावातली मराठी घरंही तशीच विभागलेली होती. सहा वर्षांपूर्वी नाटकाच्या तालमीत मंडळाचा एक माइक हरवला. तो दुसऱ्या बाजूकडे आहे अशी दोन्ही बाजूंची खात्री होती. तेव्हापासून मंडळं दोन झाली, गणपती दोन झाले, आणि शनिवारी जायचे डोंगरही दोन झाले. पूर्वेचे अध्यक्ष कर्णिक. पश्चिमेचे घारपुरे.

यात स्कीइंगचा संबंध किती, असं कुणी विचारेल. फारसा नव्हता. दोन्ही डोंगरांच्या पायथ्याशी बसायला-खायला एकेक मोठं लॉज होतं, आणि दोन्हीकडे एकच पद्धत होती. एका गटानं वीस पास घेतले की हिवाळाभर दर शनिवारी शेकोटीजवळचं लांब टेबल त्या गटासाठी राखून ठेवत. मंडळ म्हणजे ते टेबल. सकाळी दहाला डबे उघडायचे आणि तीनला मिटायचे. मधल्या वेळात विणकाम, मुलांची लग्नं, गुडघ्यांची ऑपरेशनं आणि भारतातल्या जागांचे वाद. त्या टेबलावरच्या निम्म्या बायकांनी बर्फाला बोटही लावलेलं नव्हतं. पण प्रत्येकीच्या गळ्यात स्वतःचा फोटो असलेला स्कीइंगचा पास असे, कारण वीस मोजून दाखवावे लागत.

त्या वर्षी दोन घरं टेक्सासला गेली. एक पूर्वेचं, एक पश्चिमेचं. दोन्हीकडे अठरा उरले. आणि आम्ही दोघं नवीन होतो.

सगळं समजावून सांगितल्यावर कर्णिक म्हणाले, "जबरदस्ती नाही. पण पंधरा तारीख लक्षात ठेवा."

जबरदस्तीची गरजच नव्हती. मी नलूकडे पाहिलं तेव्हाच पूर्वेचा पास घ्यायला हवा होता.

नलूबद्दल सांगतो. न्यू जर्सीत ती रविवारची मराठी शाळा चालवायची. बेचाळीस मुलं. फळ्यावर ळ काढता काढता तिला घाम यायचा, आणि घरी आल्यावर प्रत्येक मुलाची नक्कल करून दाखवायची. या गावी शाळा नव्हती, मुलं नव्हती, आणि आमची मुलगी कॉलेजसाठी लांब दुसऱ्या राज्यात होती. पहिल्या महिन्यात नलू म्हणाली, इथली हवा छान आहे. दुसऱ्या महिन्यात काही म्हणाली नाही. मग ती उशिरा उठायला लागली. आधी नऊ, मग अकरा. मी ऑफिसमधून घरी यायचो तेव्हा टीव्हीवर हवामानाचं चॅनल लागलेलं असायचं, आणि ती ते अशी बघत असायची, की जणू त्यात पुढे काहीतरी घडणार आहे. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय मार्चवरच थांबलं होतं. जुलैमध्ये मी पान उलटायला गेलो तर म्हणाली, "असू द्या. काय फरक पडतो?" डॉक्टरांकडे चल म्हटलं तर म्हणाली, डॉक्टरला काय सांगू, मला कुणी बोलायला नाही म्हणून? तो गोळी देईल, पण बोलेल का?

मी विनोद करून पाहिले. बावीस वर्षं मंडळंच्या मंडळं हसवलेला माणूस मी. घरात एक बाई हसेना.

सप्टेंबरमध्ये दुकानात धण्याच्या बाटल्यांपुढे तिला वृंदावहिनी भेटल्या. त्या दिवशी मी घरी आलो तर टीव्ही बंद होता. नलू ओट्याशी उभी होती आणि चकलीची भाजणी पाच घरं बोलावल्यासारखी मळत होती. भिंतीवर सप्टेंबर लागला होता. मधले महिने एकदम फाडून टाकलेले होते.

पुढच्या तीन आठवड्यांत त्या दोघी रोज भेटल्या. कधी त्यांच्याकडे, कधी आमच्याकडे. वृंदावहिनी सातारच्या, बोलायला ठसकेबाज, आणि स्वतःच्या नवऱ्याची थट्टा करताना आवाज खाली आणायच्या, म्हणजे ती जास्त ऐकू यायची. नलू सकाळी सातला उठायला लागली. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, शनिवारी टेबलावर माझ्या शेजारी बसायचं, खिडकीकडे नाही, तिथं वारं लागतं. नलूनं जागा ठरवून टाकली होती. पास तेवढा घ्यायचा बाकी होता.

मग मी का थांबलो? घारपुरेंमुळे. त्यांनी मला ऑफिसात केबिनमध्ये बोलावलं, खिडकीतून पश्चिमेचा डोंगर दाखवला आणि म्हणाले, "यशवंता, बर्फ तिकडेच चांगला पडतो." ज्या माणसानं नोकरी वाचवली त्यानं बर्फाविषयी मत दिलं, तर ते निव्वळ बर्फाविषयी असतं का, हे मला ठरवता येईना.

मी माझ्या सवयीप्रमाणे मधला मार्ग काढायचं ठरवलं. दसऱ्याचा कार्यक्रम तेवढा दोन्ही मंडळांचा एकत्र राहिला होता, कारण चर्चचा हॉल वर्षाआधीच दोघांच्या नावानं नोंदवलेला असे. दोन्ही बाजूंनी मला सांगितलं, काहीतरी खुसखुशीत वाचा. मी मनाशी म्हटलं, दोघांचीही सारखी टोपी उडवावी, हॉल हसेल, हसता हसता पूर्व-पश्चिम विरघळेल, आणि मग मी निवांतपणे बायकोच्या मैत्रिणीचा पास घेईन. घारपुरेही हसलेले असतील. हसलेला माणूस राग धरत नाही, अशी माझी तोपर्यंत समजूत होती.

लिहायला बसलो. घारपुरेंविषयी दोन तासांत चार पानं झाली. ते दरवर्षी नवे बूट घेतात, पहाटे अंगणात फूटपट्टी खोचून बर्फ मोजतात आणि आकडा फोनवरून सगळ्यांना कळवतात. पहिल्या बर्फाच्या दिवशी ऑफिसला आजारी पडल्याचं सांगतात आणि दुसऱ्या दिवशी नाक सोललेलं घेऊन येतात. कर्णिकांविषयी मात्र काही सापडेना. सरळ माणूस. दातांचे डॉक्टर. कमी बोलणारे. दर शनिवारी लाल कोट घालून दहाला डोंगरावर जातात आणि साडेअकराला परत येतात. त्यात हसण्यासारखं काय? माझा एक नियम होता, दोन्ही गालांवर सारखी द्यायची. एकाच गालावर दिली तर त्याला टीका म्हणतात. पाच दिवस मी कर्णिकांचा गाल शोधत होतो.

सहाव्या दिवशी दुपारी मी नलूला आणायला वृंदावहिनींकडे गेलो. ती गाडीत बसली आणि आम्ही वळणापर्यंत आलो. मग एकदम हसायला लागली. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सात महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मी गाडी बाजूला घेतली.

"कुणाला सांगू नका हं," ती म्हणाली. "मी वृंदाला शब्द दिलाय. कर्णिकांना स्कीइंग येतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येतच नाही. ते त्या कडेच्या, तारेवरच्या जुन्या पाळण्यातून वर जातात. तिकडून फारसं कुणी जात नाही. वर थांबतात, आणि पाळण्यातूनच खाली येतात. खाली उतरले की गाड्यांच्या मागं जाऊन गुडघ्यांना बर्फ चोळतात. पाठीलासुद्धा. आणि मग टेबलावर येऊन म्हणतात, आज जरा कठीण होतं." तिला पुढे बोलता येईना. "चार वर्षं. वृंदा म्हणते, मला आधी राग यायचा, आता मी घरून निघतानाच विचारते, पाठीला चोळायला मी येऊ का."

आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला गाडीत बसून हसलो. मी तिला म्हटलं, मी कुणाला सांगणार आहे? तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. घरी पोचेपर्यंत वाटत होतं.

दसरा ऑक्टोबरच्या सहा तारखेला आला. तिथे आपटा कुठला मिळणार? डोंगरात अस्पेन नावाची झाडं असतात, त्यांची पानं त्याच सुमाराला पिवळीधमक होतात, अगदी नाण्याएवढी. तीच टोपलीत भरून आणायची आणि सोनं म्हणून वाटायची, अशी तिथली रीत. हॉलच्या दाराशी दोन टोपल्या होत्या. पूर्वेची आणि पश्चिमेची.

जेवणं झाली आणि मी वाचायला उभा राहिलो. घारपुरेंची फूटपट्टी चांगली गेली. पूर्वेची बाजू तर टेबलं बडवत होती. घारपुरे स्वतः हसले आणि नाकाला हात लावून दाखवला. पश्चिमेची बाजू आता आपली पाळी कधी येते म्हणून सरसावून बसली. मी पान उलटलं.

"पूर्वेच्या डोंगरावर एक गृहस्थ आहेत," मी वाचलं. "ते दर शनिवारी सकाळी दहाला पाळण्यातून वर जातात आणि साडेअकराला पाळण्यातूनच खाली येतात. त्यांनी त्या डोंगराला आजवर एक ओरखडा काढलेला नाही. फार अहिंसक माणूस. मात्र खाली आल्यावर ते गाडीमागं जाऊन गुडघ्यांना बर्फ लावतात, कारण डोंगराशी नसली तरी समाजाशी काही बांधिलकी असते."

मी नाव घेतलं नव्हतं. दहाला लाल कोट घालून वर जाणारा माणूस गावात एकच होता, एवढंच. मग जो हशा आला तसा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही. दोन मिनिटं कुणाला थांबता येईना. पूर्वेचे हसले, पश्चिमेचे हसले. सहा वर्षांत पहिल्यांदा ती सगळी माणसं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसली. कुणीतरी ओरडलं, "कर्णिक, गुडघे दाखवा." कर्णिकही हसले. पँटवर हात झटकल्यासारखं केलं. लोक आणखी हसले.

वृंदावहिनी हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या नलूकडे बघत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर कर्णिक माझ्याजवळ आले आणि हात मिळवून म्हणाले, "छान लिहिता. निरीक्षण चांगलं आहे." सोनं वाटताना वृंदावहिनींनी नलूच्या हातावर पान ठेवलं, रीतीप्रमाणे, आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

नलू गाडीत बसली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "ते मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हसावं म्हणून."

मी म्हटलं की नाव घेतलेलं नाही, कर्णिक स्वतः हसले, आणि दोन्ही बाजू किती वर्षांनी एकत्र आल्या बघ. ती म्हणाली, "हो ना." आणि बाहेर बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं वृंदावहिनींना फोन केला. त्या आंघोळीला गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुकानात गेल्या होत्या. चौथ्या दिवशी मी कर्णिकांच्या दवाखान्यात जाऊन माफी मागितली. ते एका माणसाच्या तोंडात बघत होते. मान वर न करता म्हणाले, "अहो, विनोद होता तो. मी विसरलोसुद्धा." तो माणूस तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिला, म्हणून मी निघालो.

तिथून सरळ जाऊन मी पूर्वेचे दोन पास घेतले. फॉर्मवर गटाचं नाव लिहिलं, कर्णिक. आमचे नंबर एकोणीस आणि वीस. टेबल मिळालं. घारपुरेंना ऑफिसात कळलं तेव्हा ते फक्त "अच्छा" म्हणाले, आणि पुढची तीन वर्षं माझ्या कामाबद्दल त्यांचं काहीच मत नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही लॉजमध्ये गेलो. नलूनं पास गळ्यात घातला होता. डबा रुमालात बांधला होता. गाडीत तिनं दोनदा विचारलं, आपण लवकर तर पोचणार नाही ना.

शेकोटीजवळच्या लांब टेबलावर सगळे होते. टोकाच्या खुर्चीवर कर्णिक बसले होते. लाल कोट, जाड बूट, सगळा पोशाख केलेला, हातमोजे पुढ्यात टेबलावर. दहा वाजून गेले होते. साडेदहा झाले. ते उठले नाहीत. त्यांना वर जा असं कुणी म्हणत नव्हतं आणि जाऊ नका असंही कुणी म्हणत नव्हतं. आम्ही दिसताच ते आपल्या हातमोज्यांकडे बघायला लागले.

वृंदावहिनी उठून नलूकडे आल्या. तिचा दंड धरून तिला थोडं बाजूला नेलं. मी डबा घेऊन मागेच उभा होतो, त्यामुळे मला ऐकू आलं.

"नलूताई, ते आता वर जात नाहीत," त्या म्हणाल्या. "इथंच बसतात. तुम्ही समोर असलात तर त्यांना घास उतरायचा नाही. मला समजून घ्या."

नलू म्हणाली, "मीच सांगितलं गं यांना. माझी चूक आहे."

"मी पण सांगितलंच की तुम्हाला. माझी कुठं नाही?" वृंदावहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळीच खाली आला नव्हता. "नावं यादीत राहू देत मात्र. तुमच्या दोघांशिवाय वीस होत नाहीत."

नलूनं मान हलवली. मग ती बाजूच्या एका लहान गोल टेबलापाशी जाऊन बसली. मी म्हटलं, घरी जाऊ या. ती म्हणाली, "आत्ताच आलोय. दोन वाजता निघू." थोड्या वेळानं लांब टेबलावरून एक बाई कागदी बशीत शंकरपाळे घेऊन आली. बाहेरच्या माणसांना देतात तशी वर दुसरी बशी झाकून. नलूनं तिला हसून थँक्यू म्हटलं. मराठी माणसाला थँक्यू म्हणताना मी नलूला त्याआधी पाहिलं नव्हतं.

मला तिथे बसवेना. मी भाड्याचे बूट घातले आणि त्या कडेच्या जुन्या पाळण्यात बसलो. स्कीइंग मलाही येत नव्हतं. वर एक म्हातारा पाळण्याची यंत्रं सांभाळत होता. हँक त्याचं नाव. मी खाली उतरून जात नाही, नुसताच उभा आहे, हे बघून तो जवळ आला आणि म्हणाला, तुझा तो लाल कोटवाला मित्र हल्ली दिसत नाही.

मी म्हटलं, त्यांची तब्येत बरी नसते.

हँक म्हणाला, वाईट झालं. या वर्षी नक्की जमलं असतं त्याला. मग त्यानं हात करून मला एक जागा दाखवली. उतार सुरू होतो तिथला काठ. चार हिवाळे, तो म्हणाला, दर शनिवारी तो त्या काठावर येऊन उभा राहायचा. पायाखालच्या स्कीच्या पट्ट्यांची टोकं पुढे काढायचा. तास, कधी दीड तास. मी त्याला सांगायचो, घाई नाही. पहिल्या वर्षी तो काठापासून दहा फुटांवर उभा राहायचा. मार्चमध्ये शेवटचा आला तेव्हा टोकं पार बाहेर होती.

मी पाळण्यातून खाली आलो. नलू होती तिथेच होती. दोन वाजायला अजून अवकाश होता, म्हणून मी पुन्हा वर गेलो.

असे एकोणीस शनिवार झाले. एकही शनिवार नलूनं चुकवला नाही. आदल्या दिवशी डबा करायची, सकाळी वेळेवर तयार व्हायची, गोल टेबलावर बसायची, पुढ्यात विणकाम ठेवायची. माझ्या लक्षात आलं होतं की ते विणकाम वाढत नव्हतं. लांब टेबलावरची माणसं येता-जाता "काय नलूताई, बरं आहे?" म्हणायची आणि ती "बरं आहे" म्हणायची. इतर दिवशी ती पुन्हा अकराला उठायला लागली होती. हवामानाचं चॅनल पुन्हा सुरू झालं होतं. मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी दिली.

पुढच्या दसऱ्याला काहीतरी वाचा म्हणून मंडळानं मला निरोप पाठवला. दोन्ही मंडळं आता एकच झाली होती आणि त्याचं श्रेय, कार्यक्रमपत्रिकेत छापल्याप्रमाणे, माझं होतं. मी कळवलं की हात दुखतो. तो अजून दुखतोच आहे.

पण त्याआधी एप्रिलमध्ये पूर्वेच्या डोंगराचं पत्र आलं. पुढच्या हिवाळ्याचा पास आत्ताच नक्की करा, म्हणजे गट आणि टेबल तेच राहील. मी ते टाकून देणार होतो. मग वाटलं, विचारून टाकावं. नलू सोफ्यावर होती. टीव्हीवर वायोमिंगकडे ढग सरकत होते.

मी म्हटलं, "या वर्षी नको घ्यायला. त्यापेक्षा शनिवारी आपण दुसरीकडे कुठेतरी जात जाऊ."

"कुठं?"

आजूबाजूला दीडशे मैल डोंगरच होते.

"घ्या तो पास," ती म्हणाली.

"नलू, तिथे तुझ्याशी कुणी बोलत नाही."

"माझ्याशी नाही बोलत. पण आपापसात बोलतात ना." तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. "वृंदाच्या भाचीचं ठरलं. मुलगा फलटणचा आहे. आधी नाही म्हणत होते त्याच्या घरचे, मग आईच तयार झाली. फेब्रुवारीत दोन शनिवार मी नुसती काळजीत होते."

मी फॉर्म घेतला आणि तिच्याजवळ बसून भरायला लागलो. नावं, वय, पत्ता. तुम्हाला स्कीइंग कितपत येतं, या प्रश्नापुढे आम्हा दोघांसाठी नवशिके अशी खूण केली. खाली एक रिकामी चौकट होती, काही विशेष सूचना असल्यास लिहा म्हणून.

"तिथं लिहा," नलू म्हणाली. "शेजारचं गोल टेबल आहे ते थोडं पुढं सरकवता येईल का म्हणावं. शेकोटीच्या बाजूला जे बसतात, त्यांचं नीट ऐकू येत नाही."